मागच्या दाराचा उतार

एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. व्हीलचेअरच्या रॅम्पचं हे गणित मला आता झोपेतही सांगता येईल. अर्धा फूट चढायला सहा फूट, साडेतीन फूट चढायला बेचाळीस. याहून उभा केला तर ढकलणाऱ्याला धाप लागते, बसणारा मागे कलंडतो आणि उतरताना खुर्ची कुणाचं ऐकत नाही.

मी ज्या बंगल्याची व्यवस्था पाहते त्याला समोरून सात पायऱ्या आहेत. काळ्या दगडाच्या, मधे झिजलेल्या. सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट. मागे, स्वयंपाकघराच्या दाराला एकच पायरी, एक फुटाची. पुढे बेचाळीस फूट, मागे बारा. इतकं सोपं होतं की मी दुसरा विचारच केला नाही.

बंगला नागावच्या अलीकडे आहे. नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून समुद्राकडे जो रस्ता फुटतो त्याच्या टोकाला. मुंबईच्या एका व्यापारी घराण्याने हवापालटासाठी बांधला, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. घराण्यातली आताची माणसं परदेशात असतात आणि बंगला एका ट्रस्टकडे आहे. सोमवार सोडून रोज लोक बघायला येतात. झुंबरं, विलायती फरशा, कोरीव पलंग, जेवणाचं लांबलचक टेबल. मी तिकिटं, माळी, सफाई, तक्रारी, वाळवी असं सगळं बघते. त्याआधी वीस वर्षं न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात होते. तिथे एक गोष्ट अंगात मुरते. माल पोहोचला पाहिजे. कुठल्या गेटने आत गेला, हे कुणी विचारत नाही.

रॅम्पचा विषय निघाला तो अभिप्रायाच्या वहीवरून. एक गृहस्थ व्हीलचेअरवर आले होते. बायको आणि मुलगी आत गेल्या, बंगला बघून आल्या. तोवर ते दीड तास जांभळीखाली बसून होते. जाताना त्यांनी वही मागून घेतली आणि लिहिलं, ‘बाग छान आहे.’ एवढंच. मी ते वाचलं आणि त्याच दिवशी ट्रस्टला फोन केला.

जुन्या इमारतींची कामं करणाऱ्या एक आर्किटेक्ट बाई मुंबईहून आल्या. हुशार होत्या, वायफळ बोलत नव्हत्या, मला आवडल्या. म्हणाल्या, पुढच्या पायऱ्यांना हात लावायचा नाही, दगडात एक खिळासुद्धा ठोकायचा नाही, आणि बेचाळीस फुटांचा रॅम्प घातला तर बंगल्याचा चेहराच झाकला जाईल. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हटलं, “मागून करू.” त्या खूश झाल्या. मीही खूश झाले.

गवंडी कामाला लागला. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “मॅडम, हा दगड काढू का?” मागच्या दाराबाहेर, पायरीला लागून, एक सपाट दगड होता. वीतभर उंच, चांगला तीन फूट लांब, पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला उतरता. मी म्हटलं, “राहू दे. त्याच्यावरूनच घे. तेवढाच भराव वाचेल.” दहा दिवसांत रॅम्प झाला. बाजूला स्टीलचा कठडा, वर खरखरीत कोबा, पाय घसरू नये म्हणून. फाटकाशी मी पाटी लावली, ‘व्हीलचेअरसाठी मार्ग मागील बाजूने’, आणि पुढे बाण. काम वेळेत आणि नीट झालं होतं. पहिला पाहुणा कोण, हेही मी ठरवलं होतं. माझी आय.

आय कोळीण. बत्तीस वर्षं तिने पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकली. त्यातली बरीचशी मासळी या बंगल्याच्या मागच्या दारात. मालक मंडळी दिवाळीनंतर यायची आणि मे अखेरपर्यंत येऊन-जाऊन असायची. तेवढे महिने आयचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बंगला. त्याची एक रीत होती. आयने पाटी त्या दगडावर ठेवायची आणि बाजूला उकिडवं बसायचं. आचारी दारात येऊन उभा राहायचा. तो पायरी उतरायचा नाही, ही पायरी चढायची नाही. तो हातातल्या डावाने खूण करायचा, ही कल्ला उचलून लाल रंग दाखवायची. पसंत पडलं की तिथेच दगडावर मासळी साफ करून द्यायची. हात धुवायला पाणी वरून ओतलं जायचं, प्यायलाही वरूनच, ओंजळीत. बत्तीस वर्षांत ती त्या दाराच्या आत गेली नाही. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. तिलाही नाही, असं मी धरून चालले होते.

मला त्या बंगल्यात नोकरी लागली तेव्हा तिने बाजारभर सांगितलं, “माजी पोरगी त्या बंगल्याची साहेब हाय.” मी म्हटलं, आय, साहेब नाही, व्यवस्थापक. ती म्हणाली, “तेच गो. कुलपं कुनाकडं हायेत? तुज्याकडं. मग?”

दोन वर्षांपूर्वी तिचं डावं अंग गेलं. जीभ मात्र शाबूत राहिली, किंबहुना सगळ्या अंगातली ताकद जिभेत येऊन बसली. व्हीलचेअर आली. मी कामावरून आले की तिचा रोजचा प्रश्न असायचा, “आत काय काय हाय गो?” मी सांगायचे, खुर्च्या आहेत, आरसे आहेत, भांडी आहेत. मला कंटाळा यायचा. दिवसभर तेच बघून आल्यावर घरी पुन्हा कोण सांगणार? एकदा ती म्हणाली, “मना येकच बघायचं हाय. माजं म्हावरं कुठं बसून खायचे ते.”

याच सुमारास डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, वर्ष निघेल असं धरू नका, काही हौस असेल तर आताच पुरवा. तेव्हा रॅम्पची मला जरा जास्तच घाई होती, हे खरं आहे.

सोमवार निवडला. बंगला बंद, गर्दी नाही. आयने सकाळपासून शेजारणीला कामाला लावलं होतं. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, गळ्यात सणाची माळ. मी म्हटलं, “लग्नाला निघालीस काय?” ती म्हणाली, “तुज्या हापिसात येतेय. तुजी इज्जत ठेवाया नको?”

रिक्षा फाटकाशी थांबली. मी आणि माळ्याने तिला खुर्चीत बसवलं. मी खुर्ची उजवीकडे वळवली, जांभळीला वळसा घालून मागे.

“इकरं कुठं?” आय म्हणाली.

“आत जायला. रॅम्प मागे आहे.”

तिने मान वर केली. मला वाटलं, बघतेय सगळं. मागच्या अंगणात आलो, समोर माझा रॅम्प. नवा, करडा, कठडा चमकत होता. मी खुर्ची उताराला लावली तेवढ्यात तिने उजव्या हाताने चाक धरलं. एका हाताने, पण असं धरलं की मला पुढे ढकलता येईना.

“दगड कुठं हाय?”

“कुठला?”

“माजा.”

मी म्हटलं, “रॅम्पच्या खाली गेला. आता दगड नाही आय, पायरीपण नाही. सरळ आत जायचं.”

“काडला व्हय?”

“काढला नाही. वरून कोबा घातला.”

“म्हनजे खालशी तोच हाय.” तिने चाक सोडलं नाही. “बत्तीस वर्सं त्याच्या बाजूला बसले. आता तू मना त्याच्यावरनं चडवनार, त्याच दारानं, आन सांगनार की आय, तुला बंगला दाखवला. मागं घे खुर्ची.”

मी समजूत घातली. ज्या आवाजात ट्रेलरवाल्यांची समजूत घालायचे, त्याच आवाजात. म्हटलं, आता हे मागचं दार राहिलं नाही, व्हीलचेअरवाले सगळे इथूनच जाणार आहेत. मोठमोठे लोकसुद्धा.

“जाऊ देत की. त्यांना ठाव न्हाय ह्या दारात काय होतं ते. मना हाय.”

“अगं, पण आत तर तेच आहे ना?”

“आत काय हाय ते मी तुला रोज इचारलं. दार कुठलं ते इचारायचं र्‍हायलं. चुकी माजीच.”

माळी तोवर तोंड फिरवून पाइप गुंडाळायला लागला होता. मी खुर्ची मागे घेतली. तिने पुढे न्यायला सांगितलं, नेली. पायऱ्यांसमोर उभं केलं. सात पायऱ्या, वर खांब, खांबांमागे मोठं दार. वॉचमन धावत आला, भला माणूस आहे. म्हणाला, “मॅडम, कशाला टेन्शन घेता? चौघं मिळून खुर्चीसकट उचलतो मावशींना. दोन मिनिटांचं काम.”

आय हसली. म्हणाली, “चौघांनी उचलायची येळ येईल तवा कोन मना इचारनार न्हाय बाबा. आज जिती हाय तवर चाकांवर जाईन, न्हायतर न्हाय.”

पंधरा मिनिटं ती त्या दाराकडे बघत बसली. मी दोनदा घड्याळ पाहिलं, हेही लिहून ठेवते. मग ती म्हणाली, चल.

परत रिक्षात बसलो. खाडीचा पूल ओलांडल्यावर तिने विचारलं, “तू कुठनं जातेस गो?”

“कुठे?”

“कामावर. बंगल्यात.”

मी म्हटलं, “मागून. माझ्याकडे मागच्या दाराची चावी असते. आत गेल्यावर पुढचं दार आतून उघडते, पाहुण्यांसाठी.”

“रोज?”

“रोज.”

तिने मान दुसरीकडे वळवली. अबोलीचा वळेसर काढून मांडीवर ठेवला. घरी गेल्यावर शेजारीण विचारायला आली, कसा होता बंगला? आय म्हणाली, “बंद होता. सोमवार हाय ना.” माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मला राग आला होता. दहा दिवस उन्हात उभं राहून काम करून घेतलं आणि हिला दार पसंत नाही. दोन-तीन दिवस मी तसंच म्हणत राहिले. मग एकेक करत रॅम्पवरून पाहुणे यायला लागले आणि मी, इच्छा नसताना, त्या दाराशी उभी राहायला लागले.

खोटं कशाला सांगू, बहुतेकांनी आभार मानले. जांभळीखाली बसणाऱ्या गृहस्थांना मी फोन करून बोलावलं होतं. ते आले, रॅम्प चढले, स्वयंपाकघरातून जेवणघरात गेले, सगळं पाहिलं. मी मुद्दाम विचारलं, “मागून यावं लागलं, वाईट नाही ना वाटलं?” ते म्हणाले, “बाई, मला आत यायचं होतं. खिडकीतून घेतलं असतंत तरी आलो असतो.” मला बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात कुबड्यांवरच्या एक शिक्षिका आल्या. पायात लहानपणापासून दोष. स्वयंपाकघराच्या दारात जरा थांबल्या, बाजूला ठेवलेला गॅसचा सिलिंडर, कचऱ्याचे डबे पाहिले आणि अगदी सौम्यपणे विचारलं, “सामान पण इकडूनच येतं का?” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “विचारलं आपलं सहज.” डबे मी लगेच हलवले. डबे हलवून भागणार नाही, हे मला कळत होतं.

ट्रस्टचे सेक्रेटरी म्हातारे, फार सभ्य. त्यांना फोन केला की पुढे काहीतरी करायला हवं.

“पण मागून सोय झाली ना?” ते म्हणाले.

“झाली.”

“वापरतात ना लोक?”

“वापरतात.”

“तक्रार आहे का कुणाची?”

मी म्हटलं, “एक आहे.”

“लेखी?”

“नाही सर. तिला लिहिता येत नाही.”

ते म्हणाले, “दगडाला धक्का न लावता काही होत असेल तर कळवा.” नकार नव्हता तो. आर्किटेक्ट बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, सुट्या भागांचा लाकडी रॅम्प चालेल, संध्याकाळी काढून ठेवता येईल असा, पायऱ्यांच्या बाजूने वळण घेऊन जाणारा. फक्त दगडावर नुसता टेकला पाहिजे, ठोकला नाही पाहिजे.

असं काम करणारी माणसं आमच्याकडे आहेत. होड्या बांधणारे सुतार. खिळा कुठे मारायचा आणि कुठे नाही, ओल धरलेलं लाकूड किती फुगतं, वजन आल्यावर फळी कुठे वाकते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. थळच्या एका सुताराने आमच्या घरची होडी तीनदा दुरुस्त केलेली. तो येऊन पायऱ्या बघून गेला. दोरीने मोजलं, वाळूत काडीने आकृती काढली, म्हणाला, “व्हईल ताई. पन आता न्हाय.”

आता नाही, कारण जून लागला होता. समुद्र बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, आणि आमच्या पट्ट्यातला प्रत्येक सुतार नारळी पौर्णिमेपर्यंत होड्यांना बांधलेला. त्या दोन-अडीच महिन्यांत सुताराला दुसरं काम सांगायचं नाही, हा कुणी न लिहिलेला नियम. एक फळी राहिली आणि होडी पौर्णिमेला पाण्यात गेली नाही, तर एका घराचा हंगाम बुडतो. मला हे जन्मापासून माहीत. मी म्हटलं, “बरोबर आहे. आधी होड्या.”

आता वाटतं, अलिबागच्या फर्निचरवाल्याकडे जाता आलं असतं. लोखंडी सांगाडा करून घेता आला असता, यार्डात असे शंभर पाहिलेत मी. एवढी कामं निभावलेली बाई मी, पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरा माणूस आलाच नाही. कोळ्याच्या घरची पोर मी, होडीच्या पुढे रांगेत घुसायचं नाही, एवढंच मला ठाऊक. आयला सांगितलं तर तीही म्हणाली, “होड्या आधी. मी कुठं पळतेय?”

आषाढात ती खालावत गेली. पाय सुजले. दहा मिनिटं खुर्चीत बसवलं की मान कलायची. श्रावणात डॉक्टर घरी येऊन गेले, गोळ्या बदलल्या, माझ्याशी फारसं काही बोलले नाहीत. मी सुताराला फोन केला. तो म्हणाला, ताई, सात होड्या राहिल्यात. मी म्हटलं, ठीक आहे. आय आता खुर्चीवर टिकत नाही, हे त्याला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने होडी सोडून रॅम्प केला असता, आणि तेच मला नको होतं. हे कसलं शहाणपण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका दुपारी आय म्हणाली, “आत काय काय हाय ते सांग. आज नीट सांग.”

मी पलंगाशेजारी बसले. सुरुवात केली, स्वयंपाकघरात मोठी चूल आहे, तिच्या डाव्या हाताला…

“तिथनं नको,” ती म्हणाली. “पुढच्या दारापासनं सांग.”

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला सांगता येत नाही. त्या बंगल्यातली प्रत्येक वस्तू मला पाठ, पण सगळी मागून पुढे. पुढच्या दारातून आत आल्यावर आधी काय दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “उद्या सांगते.” आयने डोळे मिटले. म्हणाली, “बघून ये.”

दुसऱ्या दिवशी मी मागून आत गेले, पुढचं दार उघडलं, परत मागून बाहेर आले, बंगल्याला वळसा घातला आणि सात पायऱ्या चढले. माळी बघत होता, बघू दे. दार ओलांडून आत पाऊल टाकलं तर समोर एक बाई. पिशवी खांद्याला, केस विस्कटलेले, कपाळाला आठ्या. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा आहे. तो मी दर गुरुवारी उभं राहून पुसून घेते, पण नेहमी बाजूने. पुढच्या दारातून येणाऱ्याला त्यात आधी तो स्वतः दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी आयला सगळं क्रमाने सांगितलं. दार, आरसा, निळ्या-पिवळ्या फरशा, उजवीकडे बैठक, डावीकडे जेवणघर.

“आरशात मी दिसले असते?”

“हो.”

“खुर्चीत बसून पन?”

“जमिनीपर्यंत आहे आरसा. सगळी दिसली असतीस.”

“मग बरं झालं ते हिरवं नेसले होते,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “टेबल सांग.”

मी सांगितलं. सागवानी, लांब, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खुर्च्या. मासळी वाढायची बशी वेगळी, माशासारखीच लांबट, चिनी मातीची, कडेला निळी वेल.

“अठरा खुर्च्या.”

“हो.”

“घरात मानसं किती? मालक, बाई, दोन पोरं. आचारी काय टेबलावर बसत नसंल.”

“चार.”

“मग बाकीच्या चौदा?”

“तशाच. रिकाम्या.”

ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चौदा रिकाम्या. आन मी दगडाच्या बाजूला उकिडवी.” तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात एखाद्या पाटीत किती नग आहेत ते सांगावं, तसं ती बोलली. पुढे बंगल्याविषयी तिने कधी काही विचारलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर आय गेलेली होती. चौघांनी उचललं. तिला कुणी विचारलं नाही.

सुताराने रॅम्प आणला तो तेराव्यानंतर, टेम्पोतून, नऊ भागांत. तो माझ्यासमोर उभा राहिला, पागोटं काढलं, म्हणाला, “ताई, मना सांगायचं तरी. येक दिवस होडी थांबली असती.” मी म्हटलं, “उतारा खाली. ऊन वाढायच्या आत लावून होऊ दे.”

काम उत्तम झालं होतं. एक भाग दुसऱ्यात बसायचा, खिळा नाही, दगडाला ओरखडा नाही. मधे वळणावर खुर्ची फिरवायला पुरेशी जागा. मी एकेक फळी पायाने दाबून पाहिली, कठडा हलवून पाहिला. मग खुर्ची आणवली, त्यात स्वतः बसले आणि माळ्याला म्हटलं, ढकल. दुसऱ्या कुणाला बसवून चाललं नसतं, वजन आणि धक्का आपल्यालाच कळावा लागतो. चढ सोपा गेला. वळण सोपं गेलं. खांब बाजूने सरकले, पडवी आली, दार आलं. आणि दारात पुढची चाकं टण्‌कन अडली.

उंबरठा. सागाचा, चांगला चार इंच उंच. पायऱ्या मोजल्या, दाराची रुंदी मोजली, वळण मोजलं आणि उंबरठा मोजलाच नव्हता. मागच्या दाराला उंबरठा नाही. आयला सांगण्यासाठी इथून चढून गेले तेव्हाही तो मी ओलांडला असणार, पण धड पायांच्या माणसाला उंबरठा दिसत नाही, पाय आपोआप उचलला जातो. आणि त्या एका दिवसाखेरीज या दारातून मी कधी आत गेलेच नव्हते.

सुतार म्हणाला, “दोन्ही बाजूंनी पाचर देतो. तासाभराचं काम हाय.” त्याने रंधा काढला. मी खुर्चीतून उठले नाही, पडवीतच बसून राहिले. आय असती तर हा तास तिने इथेच काढला असता. पुढच्या पडवीत, समुद्राकडे तोंड करून, हिरवं लुगडं नेसून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. मला चार शिव्या घातल्या असत्या, एवढी शिकली आणि लाकूड मोजता आलं न्हाय म्हणून. वॉचमनला सांगून चहा मागवला असता. आणि तो चहा तिने अजिबात घाई न करता प्यायला असता.